लांडग्याचा रकाना

मचाणावर चढण्याआधी वनरक्षकाने माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. वेळ, नर, मादी, पिल्लू असे रकाने आणि डाव्या कडेला नावं: बिबट, अस्वल, रोही, सांबर, भेकर, रानडुक्कर, तडस, कोल्हा, लांडगा. "लांडग्याचा रकाना कोराच राहीन ताई," तो म्हणाला. "मी सहा वर्सं झाले पाहून राह्यलो. या पाणवठ्यावर लांडगा काही येत नाई." मी बुलढाण्याला आले होते ती लांडग्यांसाठीच, हे मग त्याला सांगितलं नाही.

बुद्धपौर्णिमेची रात्र होती आणि जागा ज्ञानगंगा अभयारण्यातली, बोथ्याच्या बाजूची. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता या जंगलाच्या पोटातूनच घाट उतरतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे दोनशे पाच चौरस किलोमीटरचं रान 1997 साली अभयारण्य झालं. साग, सालई, पळस, आणि मे महिन्यात सगळं इतकं वाळलेलं की खालून सरडा गेला तरी माणूस गेल्यासारखा आवाज येतो. ज्ञानगंगेची ओळख अस्वलांची. रात्री अकराच्या सुमाराला एक अस्वल आलंही. पाणी प्यायलं, पाण्यातच बसलं, आणि उठून गेलं तेव्हा एवढं समाधानी दिसत होतं की मला त्याचा हेवा वाटला. मी पाणी जपून पीत होते, कारण पहाटेपर्यंत मचाणावरून उतरायचं नव्हतं.

पाणवठ्यावरच्या गणनेमागचं तर्कशास्त्र सोपं आहे. वैशाखात ओढे आटतात, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, चंद्र भरलेला असतो. जो तहानेला येईल तो दिसेल. पण जो दिसला तो मघाचाच की दुसरा, हे कसं ठरवायचं? त्या रात्री एक रोही माझ्या कागदावर तीनदा आली. तीन रोही होत्या की एकच तीनदा आली, हे मला आजही सांगता येणार नाही. जो दोन दिवस पाण्याविना काढतो, किंवा रानाबाहेर शेताच्या टाकीवर पितो, तो तर कागदावर येतच नाही. ही रात्र अनुभवायला उत्तम आहे, पण आकड्यासाठी तिच्यावर विसंबू नये. वाघाच्या बाबतीत सरकारने जुन्या पद्धतींचा नाद केव्हाच सोडला. सरिस्कातले वाघ संपल्याचं 2005 साली उघड झालं, पंज्यांच्या ठशांवर चाललेली मोजणी किती फसवी होती ते कळलं, आणि 2006 पासून देशभर कॅमेरे लागले. वाघाचे पट्टे म्हणजे त्याचा अंगठा, दोन वाघांचे कधी जुळत नाहीत. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच.

लांडग्याकडे असं काहीच नाही. भुरकट, मळकट तांबूस अंग, पाठीवर काळसर केस, लांब पाय. एका लांडग्याचा फोटो दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो. कान फाटलेला असेल किंवा एखादा लंगडत असेल तर गोष्ट वेगळी.

ज्या ज्ञानगंगेत मी लांडग्याचा कोरा रकाना घेऊन बसले होते, तिथेच 2019 च्या डिसेंबरात एक पाहुणा आला होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी1सी1 हा तरुण नर वाघ. फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती. त्यानंतर तो विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातली शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत तीन हजार किलोमीटरांहून अधिक हिंडला आणि इथे येऊन थांबला. कुठल्या दिवशी तो कुठे होता हे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत ठाऊक होतं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. बाहेरगावच्या एका वाघाचा तास-तासाचा हिशोब आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहणारे लांडगे किती याचा साधा अंदाजही नाही. पहाटे खाली उतरले तेव्हा वनरक्षकाने कागद घेतला, लांडग्यापुढे आडवी रेघ मारली आणि विचारलं, "चहा घेता ना?"

चहा पिताना त्याने जे सांगितलं, त्यासाठी रात्र जागले नसते तरी चाललं असतं. "लांडगा पाहाचा असंन तर जंगलात कायले येता? ई-क्लासवर जा."

*

ई-क्लास हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला विमानाच्या तिकिटासारखा वाटेल. वऱ्हाडात तो गावोगाव बोलला जातो. जुन्या वऱ्हाड प्रांताच्या महसुली दफ्तरात गावच्या चराईची पडीक सरकारी जमीन ई-वर्गात धरली गेली, ती आजवर त्याच नावाने ओळखली जाते. गाव संपलं की मुरमाड माळ लागतो. त्यावर कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधून फुटलेली एखादी घळ. तिथे गावची गुरं चरतात, क्रिकेटही होतं आणि अतिक्रमणही होतं. दफ्तराच्या भाषेत तिथे काही पिकत नाही. लांडग्याला मात्र हेच हवं असतं. दाट जंगल त्याला मानवत नाही. लांबवर दिसेल, पळता येईल, सावजाला दमवता येईल असं उघडं रान त्याला लागतं.

म्हणून डिसेंबरात पुन्हा आले. महिना मुद्दाम निवडला होता. भारतीय लांडगीची वीण थंडीत होते, साधारण दोन महिन्यांच्या गाभणपणानंतर, घळीच्या कडेला किंवा खडकाखाली उकरलेल्या बिळात. पिल्लं असली की कळप जागा धरून राहतो, नाहीतर तो एका रात्रीत वीस-पंचवीस किलोमीटर सहज तुडवतो.

मलकापूरला रेल्वेने उतरले. या जिल्ह्याला तीन पायऱ्या आहेत, आणि मलकापूरहून त्या नीट समजतात. उत्तरेला सातपुडा, त्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पात येतं. तिथे कॅमेरे आहेत, कर्मचारी आहेत, पैसा आहे. मधे पूर्णेचं सपाट काळं खोरं, जुन्या लोकांच्या तोंडी पायनघाट. आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग चढून गेलं की वरचं पठार, म्हणजे बालाघाट. एसटी राजूरच्या घाटाने वर चढते आणि बुलढाण्यात हवा बदलते. इंग्रजांना हे ठाणं आवडायचं त्याचं कारण खिडकी उघडल्याबरोबर कळतं. पुढे चिखली आणि देऊळगाव राजा. सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी हात जोडले आणि माळाकडे वळले. लोणारचं विवर या खेपेला राहिलं. गावाचं नाव लिहीत नाही. लांडग्याच्या बिळाचा पत्ता छापणं म्हणजे त्यावर पेटत्या काटक्या टाकायला माणसं पाठवणं, आणि तसं आजही होतं.

देशात लांडगे किती, याचं आजवरचं सर्वांत नेटकं उत्तर यादवेंद्रदेव झाला आणि सहकाऱ्यांनी 2022 साली दिलं: 3,170 प्रौढ लांडगे. त्या आकड्याची दोन टोकं वाचायची विसरू नये. खालचं 2,568, वरचं 3,847. महाराष्ट्राच्या वाट्याला चारशेच्या आसपास. हे लांडगे कुणी एकेक करून मोजलेले नाहीत. व्याघ्रगणनेच्या कॅमेऱ्यांत अवचित आलेले लांडगे, ठसे, विष्ठा, लोकांनी नोंदवलेली दर्शनं हे सगळं जमवून आधी लांडग्याजोगा मुलूख कुठे-कुठे आहे ते काढलं. मग कॉलर बांधलेल्या लांडग्यांवरून एका कळपाचं राज्य साधारण 188 चौरस किलोमीटरचं आणि त्यात प्रौढ सरासरी तीन, असा हिशोब मांडला.

बसमध्ये बसल्या-बसल्या मी तोच हिशोब बुलढाण्याला लावला. जिल्हा 9,661 चौरस किलोमीटर. भागिले 188. एक्कावन्न कळप, गुणिले तीन, दीडशेवर लांडगे! वहीत आकडा छान दिसला आणि मी तो लगेच खोडला. पूर्णाकाठचा बागायती पट्टा त्यात आलाच होता, मलकापूर-खामगावची बाजारपेठ आली होती, ज्ञानगंगेचं सागवान आलं होतं. प्रत्येक रान भरलेलं आहे असं धरलं होतं. भागाकाराला लांडगा दिसत नाही.

आकड्याला मागे नेलं तर आणखी गंमत आहे, गंमत म्हणजे दुःखाची. महेश रंगराजन यांनी सरकारी बक्षिसांच्या नोंदी चाळून काढलेला हिशोब सांगतो की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांवर लांडगे मारले गेले. म्हणजे लांडग्यांची पहिली पद्धतशीर मोजदाद झाली ती मेलेल्यांची. कातडं दाखवा, पैसे न्या. जिवंत लांडग्याला एवढी काटेकोर नोंद नंतर कधी मिळाली नाही. आता तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंगतीला, पण वाढपी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आणि हा प्राणी काही सामान्य नव्हे. त्याच्या जनुकांचा 2021 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की आज जगात हयात असलेल्या लांडग्यांच्या शाखांमध्ये आपल्याकडची शाखा सर्वांत प्राचीनांपैकी आहे. यलोस्टोनमध्ये 1995 साली कॅनडाहून आणून सोडलेल्या लांडग्यांवर ग्रंथालय भरेल एवढं लिहिलं गेलंय. तिथे बर्फ पडतं, विमानातून कळप मोजता येतो. आमच्याकडे बर्फाचं काम फुफाट्यावर भागवावं लागतं.

*

समृद्धी महामार्ग या माळावरून सरळ गेलाय. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे सुसाट गाड्या. त्याच्या एका भुयारी वाटेने मी पलीकडे गेले तेव्हा मेंढरांचा वाडा तिथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर पडलेला होता. तूर अजून शेतात उभी, सोयाबीन कधीच निघालेलं. त्या मोकळ्या रानात शेतकऱ्याने मेंढरं बसवायला बोलावलं होतं, लेंडीखतासाठी. जाळीची वाघर लावलेली, दोन घोडी, कोंबड्या, दगडांच्या चुलीवर भाकरी. पुरुष मेंढरांमागे गेलेले. वाड्यावर साठीच्या एक मावशी होत्या. त्यांनी मला आधी खालून वर पाहिलं, मग बसायला घोंगडं टाकलं.

मी लांडग्यांची माहिती काढते म्हटल्यावर त्या हसल्या. "सरकार पैशे देते काय याचे?"

देत नाही म्हटल्यावर त्यांना माझी दया आली असावी, कारण त्या बोलू लागल्या.

विचारून मोजणे, ही खरीखुरी शास्त्रीय पद्धत आहे हे इथे सांगितलं पाहिजे. इरावती माजगावकर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातला 89 हजार चौरस किलोमीटरांचा मुलूख असाच पिंजून काढला. एकेका बीटच्या वनकर्मचाऱ्याला विचारायचं, तुझ्या हद्दीत बिबट्या, लांडगा, तडस आहे का, कशावरून म्हणतोस. काही जण असून नाही म्हणणार, हे गृहीत धरून गणिताने ती चूक भरून काढायची. 2019 साली निघालेलं उत्तर असं, की लांडगा जवळजवळ 64 टक्के भागात आहे, आणि बराचसा अभयारण्यांच्या बाहेर. यातून किती लांडगे ते कळत नाही, कुठे-कुठे आहेत ते कळतं. मला विचाराल तर आधी हेच कळायला हवं. आपल्याला आकड्याची घाई फार.

वनरक्षकाला विचारणं सोपं, कारण त्याची हद्द ठरलेली असते. मेंढपाळाचं तसं नाही. मावशींचा वाडा वर्षाकाठी तीन-चार तालुके पालथे घालतो, आणि प्रत्येक माळावरचा लांडगा त्यांना माहीत. "या नाल्याचा जोडा वेगळा. तिकडच्या धरणाकडचा वेगळा. हा लई सबुरीचा हाये. कुत्रे भुकले का बसून राह्यते लांब. तिकडचा बिनलाजा, दिवसाढवळ्या येते." मी वहीत लिहिलं: दोन कळप, वर्तणुकीवरून ओळख. ज्याला पट्टे नाहीत त्याला मावशी सवयींवरून ओळखत होत्या.

"अन् न्हेते काय?" मी विचारलं.

"कोकरू न्हेते. कधी मेंढी. त्याचंबी पोट हाये." मग आवाज बदलून, "पण रागही येते बाप्पा. चारा नाई, पाणी नाई, त्यात हा."

भरपाई मागता का? सरकारी भरपाई लांडग्याने मारलेल्या मेंढीलाही आहे. पण त्यासाठी वनखात्याला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवर ठेवायचं, कागद जोडायचे. वाडा तर तिसऱ्या दिवशी पुढच्या शिवारात. कोकराचे तर काही अवशेषच राहत नाहीत, पंचनामा कशाचा करायचा? मावशींनी आजवर एकदाही अर्ज केलेला नाही. याचा मेंढपाळाला तोटा होतो हे उघड आहे. पण लांडगा मोजणाऱ्याचाही होतो, हे माझ्या ध्यानात तिथे बसल्यावर आलं. भरपाईच्या अर्जांवरून नकाशा काढला तर हा माळ त्यावर पांढरा राहणार. गणनेच्या कागदावर जसा रकाना कोरा, तसाच भरपाईच्या दफ्तरातही.

उत्तर प्रदेशात बहराइचला 2024 साली लांडग्यांनी मुलांवर केलेल्या हल्ल्यांचा विषय मी काढला. गावातल्या टीव्हीवर त्यांनीही ते पाहिलं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "आमचे लेकरं इथंच झोपते उघड्यावर. माह्या सासूच्या टायमापासून. पण पिसाळलेला असंन तर सांगता येत नाई. पिसाळला का कुत्रं न् लांडगं एकच." कुत्र्यांचा विषय त्यांनी आपणहून काढला. हल्ली गावच्या उकिरड्यावरची कुत्री माळावर टोळीने फिरतात, मेंढरं फाडतात आणि नाव लांडग्याचं होतं. लांडगेतोड हा शब्द आपण माणसांनाही लावतो; आता त्यातली अर्धी तोड कुत्र्यांची असते. त्या दोघांचा संकर झाल्याची जनुकीय खात्री पुण्याच्या माळांवर झालेली आहे. म्हणजे उद्या नमुने गोळा करणाऱ्याला आधी हे ठरवावं लागेल की मोजायचं ते कुणाला.

संध्याकाळी मेंढरं परतली. वाघरीच्या तोंडाशी उभ्या राहून मावशी ती आत घेत होत्या. मी विचारलं, किती आहेत? "चार खंडी अन् सतरा." खंडी म्हणजे वीस. पण त्या मोजत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या. मधेच नवऱ्याला ओरडल्या, "अहो, ती बांडी कुठी हाये?" बांडी मागे बांधावर राहिली होती. सत्त्याण्णवातली एक नसली तर आकडा न मोजता कळतं, कारण प्रत्येकीला चेहरा आहे. शास्त्रज्ञ याला व्यक्तिगत ओळख म्हणतात आणि तिच्यासाठी कॅमेऱ्यांवर लाखो रुपये खर्च करतात.

*

रात्र मी वाड्यावर काढली. लांडग्याच्या आवाजावरून त्याला ओळखता येतं का, यावर महाराष्ट्रातल्या लांडग्यांचा अभ्यास झाला आहे. सौगत साधुखान, होली रूट-गटरिज आणि बिलाल हबीब यांनी कोल्हेकुई नव्हे, लांडग्याचं ते लांबलचक रडणं ध्वनिमुद्रित करून त्याची चिरफाड केली. प्रत्येक लांडग्याचा सूर किंचित वेगळा असतो, तो किती वर जातो, कुठे वळतो, यावरून यंत्राला तो ओळखू येतो, असं त्यांनी 2021 साली दाखवलं. मूळ कल्पना जुनी. कॅनडाच्या ऑन्टारिओत डग्लस पिमलॉट यांचे सहकारी 1960 च्या आसपास रानात उभे राहून स्वतः लांडग्यासारखे रडत आणि उत्तर आलं की टिपून घेत. परवानगीशिवाय असं काही करू नये, पिल्लांपाशी असलेली लांडगी बिथरते. मी फक्त कान उघडे ठेवले.

पहाटे चारच्या सुमाराला तो आवाज आला. आधी एक, खालून चढत गेलेला, हवेत थांबलेला. मग दुसरा, त्याच्यावर. मग सगळे मिसळले. वाड्यावरची कुत्री उठली, घोडी कान ताठ करून उभ्या राहिल्या, कोंबडा अवेळी आरवला. किती होते? माझ्या कानाला सहा-सात तरी वाटले. इथे लांडगा आपल्याला हातोहात फसवतो. दोन जण रडताना सूर इतका वरखाली करतात की ऐकणाऱ्याला टोळी वाटावी. शेजारच्या कळपाला आपलं राज्य भक्कम वाटावं म्हणून हे चालतं, असा एक तर्क आहे. वहीत मी आधी 6 लिहिलं. खोडलं. 2 ते 5 लिहिलं. झाला आणि मंडळींची ती दोन टोकं मला तेव्हा कळली.

घोंगड्यातून मावशी म्हणाल्या, "तीन हाये. दोन थोर न् एक अंदाचं."

कशावरून, हे विचारायच्या आत त्या पुन्हा झोपल्या.

उजाडल्यावर मी नाल्याकडे गेले. लांडगे एकामागोमाग चालताना पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतात. ठशांची एकच ओळ उमटते, सुतासारखी सरळ, कुत्र्याची असते तशी भरकटलेली नव्हे. किती जण गेले ते त्या ओळीवरून कळत नाही. पण वळणावर, चढणीला, बांध ओलांडताना ते फुटतात, आणि तिथे मोजता येतं. नाल्यातल्या मऊ मातीत ओळ स्पष्ट होती. पुढचे दोन नखांचे टोचे जवळजवळ, टाच रुंद, माझ्या तळहाताएवढा ठसा. मी तिच्या कडेकडेने चालत राहिले. शंभर पावलं, दोनशे पावलं. पुढे बांध दिसत होता, ओळ नेमकी त्यावर चढत होती.

बांधाशी पोचले तेव्हा पलीकडून मावशींचे यजमान मेंढरं हाकत आले. चार खंडी आणि सतरा, बांधावरून खाली, नाल्यातून पार, धूळ उडवत चराईला निघून गेली. सगळ्यात मागे बांडी होती.